रिकाम्या आखाड्यासमोर बसताना: पिंक फ्लॉइडचा पॉम्पेईचा संगीतपट गावात कसा पाहावा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा, इटलीतल्या प्राचीन पॉम्पेई शहराच्या अवशेषांत चित्रित झालेला संगीतपट पाहण्याची पहिली अट अशी की घरातला कूलर बंद असला पाहिजे. विदर्भात मार्चच्या अखेरीपासून जूनच्या पावसापर्यंत खिडकीतला लोखंडी कूलर रात्रंदिवस चालतो, आणि त्याच्या पंख्याची घरघर व ताट्यांवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज इतका अंगवळणी पडतो की तो आपल्याला ऐकू येईनासा होतो. तो खोलीत मात्र असतोच. या चित्रपटातले 'एकोज' हे गाणे पियानोच्या एका एकट्या, उंच स्वराने सुरू होते. वाद्यवृंदातले रिचर्ड राइट यांनी तो स्वर लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे ज्याच्या आत भोंगा फिरत असतो अशा स्पीकरमधून काढला, त्यामुळे तो खोल विहिरीत पडलेल्या थेंबासारखा वाटतो. एक थेंब पडतो, मग शांतता, मग दुसरा. त्या दोन थेंबांमधली शांतता हा गाण्याचाच भाग आहे आणि कूलर तीच आधी खाऊन टाकतो.

म्हणून हा चित्रपट उन्हाळ्यात पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळाही गैरसोयीचा, कारण टिनाच्या छतावर सर कोसळू लागली की कोणताही ॲम्प्लिफायर तिच्यापुढे टिकत नाही, आणि पडद्याच्या उजेडावर येणारे किडे डोळ्यांसमोर नाचत राहतात. कोजागिरी उलटल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ आपल्याकडे यासाठी उत्तम. हवा कोरडी असते, दारे-खिडक्या लावून घेता येतात, आणि रात्री नऊनंतर गाव खरोखर शांत होते. आमचे गाव आर्वी तालुक्यात आहे. नागपूरला वसतिगृहात असताना मित्राकडे 'मेडल' हा अल्बम प्रथम ऐकला, तेव्हापासून या वाद्यवृंदाचा मी निस्सीम चाहता आहे, आणि गावी परतल्यापासून दर हिवाळ्यात एकदा तरी हा चित्रपट पूर्ण पाहतो. पुढचे सारे त्या पाहण्यातून शिकलेले आहे.

पाहण्याआधी काय माहीत असावे

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. एड्रियन मेबन हा तरुण दिग्दर्शक इटलीत फिरायला गेला असताना पॉम्पेईच्या अवशेषांमध्ये त्याचा पासपोर्ट हरवला. तो शोधण्यासाठी तो संध्याकाळी पुन्हा तिथल्या दगडी ॲम्फिथिएटरमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी पायऱ्या असलेल्या उघड्या आखाड्यात गेला. तेव्हा तिथे कोणी नव्हते, आणि त्या निर्मनुष्य शांततेतच त्याला हा चित्रपट सुचला. तो काळ अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवावरच्या चित्रपटाचा होता. लाखोंची गर्दी, चिखलात नाचणारी तरुण मंडळी, मंचाकडे झेपावणारे हात, यांचे चित्रण म्हणजेच रॉक संगीताचा चित्रपट, अशी समजूत रूढ होत होती. मेबनने नेमके उलट केले. ऑक्टोबर १९७१ मध्ये रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन या चौघांनी त्या आखाड्याच्या मधोमध आपली सगळी यंत्रसामग्री मांडली आणि रिकाम्या दगडी पायऱ्यांसमोर वाजवले. आधी मुद्रित केलेल्या आवाजावर नुसते हात हलवायचे नाहीत, प्रत्यक्ष वाजवायचे, हा त्यांचा आग्रह होता. तो कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो.

त्या जागेचा इतिहास मनात ठेवून बसल्यास चित्रपट वेगळाच वाटतो. हे ॲम्फिथिएटर इसवी सनापूर्वी ७० च्या सुमारास बांधले गेले आणि दगडात बांधलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात ॲम्फिथिएटरांमध्ये त्याची गणना होते. इसवी सन ५९ मध्ये खेळ पाहायला आलेल्या पॉम्पेईच्या आणि शेजारच्या नुकेरिया गावच्या लोकांमध्ये तिथे इतकी भीषण दंगल झाली की रोमच्या सिनेटने तिथल्या खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. पुढे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसचा उद्रेक होऊन सारे शहर राखेखाली गेले. जिथे एके काळी प्रेक्षकांनी एकमेकांचे जीव घेतले, त्या जागी प्रेक्षकांविना झालेली ही मैफल आहे. कॅमेरा रिकाम्या पायऱ्यांवरून फिरू लागला की हे आठवावे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला विशेष भिडावी अशी आहे. लंडनहून मालमोटारीत भरून आणलेले स्पीकर आणि ॲम्प्लिफायर चालवण्याइतकी वीज आखाड्यात नव्हती, त्यामुळे गावातून थेट तिथपर्यंत लांबच लांब केबल ओढावी लागली आणि त्या खटाटोपात चित्रीकरणाचा मौल्यवान वेळ गेला. शेतातल्या मोटारीसाठी खांबापासून विहिरीपर्यंत केबल ओढलेल्या माणसाला त्या वेळी तिथे काय चालले असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रपटाच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि इथे गोंधळ होतो. १९७२ ची मूळ आवृत्ती साधारण तासाभराची असून तीत संगीतच आहे. १९७४ मध्ये तिला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतली दृश्ये आणि मुलाखती जोडण्यात आल्या. ती दृश्ये घेतली गेली तेव्हा हे चौघे 'द डार्क साइड ऑफ द मून' या मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्बमवर काम करत होते, त्यामुळे तो भाग अनमोल आहे. २००३ मध्ये दिग्दर्शकाने स्वतःच नवी आवृत्ती काढली, परंतु तीत संगणकावर तयार केलेली अंतराळाची आणि प्राचीन शहराची दृश्ये घातली आणि चित्राची चौकट वरून-खालून कापली. ती आवृत्ती मला कधीच रुचली नाही, कारण जिथे नुसते ऊन आणि दगड दाखवून भागत होते, तिथे सजावट आली. नव्याने पाहणाऱ्याने २०२५ ची आवृत्ती घ्यावी. मूळ ३५ मिलिमीटर निगेटिव्हवरून चित्र स्वच्छ केलेले आहे आणि संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी ध्वनीचे नवे मिश्रण केले आहे. ती एप्रिल २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आली आणि मे महिन्यात डिस्कवर उपलब्ध झाली. जमल्यास डिस्कच घ्यावी. गावात मोबाइलच्या नेटवर्कवर चित्रपट पाहणे म्हणजे ऐन रंगात आलेल्या भजनात कोणी तरी पेटीचा भाता धरून ठेवण्यासारखे आहे. मी पहिल्यांदा तसाच पाहिला होता, आणि 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' शेवटच्या भागात शिरत असतानाच पडद्यावर गोल चक्र फिरू लागले. त्या रात्री तो भाग मला पुन्हा लागला नाही. डिस्क चालवण्याचे यंत्र नसेल, तर अधिकृतपणे विकत घेतलेली प्रत आधीच उतरवून ठेवावी.

खोली, कापूस आणि वीज

आवाजाचा निम्मा भाग स्पीकर घडवतो आणि निम्मा खोली घडवते. नव्या सिमेंटच्या खोलीत, चारही भिंती गुळगुळीत आणि खाली फरशी असेल, तर मेसन यांच्या ढोलाचा प्रत्येक ठोका भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या ठोक्यात मिसळतो. जुन्या मातीच्या, शेणाने सारवलेल्या खोलीत हा त्रास पुष्कळ कमी असतो. सिमेंटच्याच खोलीत पाहायचे असेल तर खाली जाड सतरंजी अंथरावी, आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे आपल्या पाठीमागे, दोन-तीन गोधड्या दोरीवर टांगाव्यात. गोधड्या भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटे सोडून टांगल्यास जास्त उपयोग होतो.

सर्वांत उत्तम खोली मात्र मला योगायोगाने सापडली. आमच्याकडे वेचणी झालेला कापूस भाव वाढण्याची वाट पाहत घरातल्या एका खोलीत भरून ठेवतात. एका हिवाळ्यात बैठकीत पाहुणे असल्यामुळे मी टीव्ही त्या खोलीच्या दाराशी नेला. दाराच्या आत अर्ध्या भिंतीपर्यंत कापसाचा ढीग होता. गाणे सुरू झाले आणि मी थक्क झालो, कारण एवढा स्वच्छ आवाज त्या यंत्रातून मी कधी ऐकला नव्हता. शहरातले स्टुडिओ भिंतींना मऊ, जाड थर लावतात तो परत येणारा आवाज शोषण्यासाठी, आणि इथे तेच काम कित्येक क्विंटल कापूस करत होता. गिल्मोर यांच्या गिटारच्या तारेवरून सरकणारी काचेची नळी, मेसन यांच्या झांजांची विरत जाणारी कड, सारे वेगवेगळे ऐकू आले. तरीही इथे दोन इशारे कळकळीने देतो. कापसाच्या खोलीत ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर, वायरींचा जोड किंवा तापणारी कोणतीही वस्तू ठेवू नये. यंत्रे दाराबाहेर, निदान आठ-दहा फूट दूर असावीत आणि विडी-काडी तर जवळपासही नसावी. दुसरे असे की साठवलेल्या कापसातल्या किडींमुळे अंगाला खाज सुटते, म्हणून ढिगाला टेकून किंवा त्यावर बसून पाहू नये. कापूस पाठीमागे आणि दाराच्या पलीकडे असावा, आपण अलीकडे.

स्पीकर दोनच असले तरी चालतात, पण ते जमिनीवर ठेवू नयेत. ते कानाच्या उंचीवर यावेत, आणि दोघांमधले अंतर व प्रत्येकापासून आपले अंतर साधारण सारखे असावे. धान्याच्या कोठ्या यासाठी चांगल्या, मात्र त्या भरलेल्या असाव्यात, कारण रिकामी टिनाची कोठी बास गिटारच्या प्रत्येक स्वराला स्वतःच थरथरू लागते. टीव्ही ४३ इंची असेल तर साडेपाच-सहा फुटांवर बसावे. एवढ्या जवळ बसण्याची आपल्याला सवय नसते, तरीही बसून पाहावे.

आता वीज. हिवाळ्यात रब्बीच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज खाली-वर होते, त्यामुळे मी आता चित्रपट पूर्णपणे इन्व्हर्टरवरच पाहतो. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नाही असे ठरवले तर ९०० उरतात. टीव्ही सुमारे १०० वॉट, ॲम्प्लिफायर आणि डिस्कचे यंत्र मिळून ७० वॉट धरले, तर वाटेतली घट वजा करूनही चार तास निघतात, आणि चित्रपट साधारण दीड तासात संपतो. बॅटरी जुनी असली तरी भागते. फक्त त्या वेळेपुरता पंखा आणि फ्रिज इन्व्हर्टरवरून काढावा. इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा असणे मात्र आवश्यक आहे. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून सतत भुंग्यासारखी गुणगुण येते आणि 'एकोज'ची सुरुवात पुन्हा हातची जाते. टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि डिस्कचे यंत्र तिन्ही एकाच बोर्डावर लावावीत. वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यानेही अशी गुणगुण येऊ शकते.

टीव्हीच्या मांडणीत तीन बदल करावेत. चित्राचा प्रकार 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' असा ठेवावा. हालचाल गुळगुळीत करणारी मोशन स्मूदिंगची सोय बंद करावी, कारण चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर घेतलेला असतो आणि ती सोय मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालते, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे दृश्य कालच्या मालिकेसारखे दिसू लागते. तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा: आवाज आपोआप सारखा करणारी ऑटो व्हॉल्यूमची किंवा नाइट मोडची सोय बंद करावी. हे संगीत कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत जाते, आणि ती सोय कुजबुज मोठी करते व गर्जना दाबते. डिस्कच्या ध्वनिसूचीत स्टीरिओ निवडावा. दोनच स्पीकर असताना सहा स्पीकरांचे मिश्रण लावल्यास काही वाद्ये पुसट होण्याची शक्यता असते. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येत असतील तर येऊ द्याव्यात, चित्र ताणून त्या भरू नयेत.

गाण्यागणिक काय पाहावे

पहिल्या वेळी काहीही शोधू नये, सलग पाहावे. दुसऱ्या वेळेपासून हातांकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे भजनाला बसलेला जाणकार माणूस खंजिरी वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, बोटांकडे पाहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेल्या आपल्या गावांना ही सवय शिकवावी लागत नाही. हा चित्रपट त्या सवयीसाठीच जणू घेतलेला आहे, कारण प्रेक्षक नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाजवणाऱ्यांखेरीज पाहण्यासारखे दुसरे माणूसच नाही.

'एकोज' मूळ अल्बमवर तेवीस मिनिटांहून मोठे आहे. चित्रपटात ते मधोमध तोडून पूर्वार्ध आरंभी आणि उत्तरार्ध अखेरीस ठेवला आहे. म्हणून चित्रपटाच्या आदल्या दिवशी अल्बमवरचे अखंड गाणे एकदा ऐकून घ्यावे. तसे केल्यास चित्रपटातल्या मधल्या सगळ्या गाण्यांवर त्या अपूर्ण गाण्याची ओढ राहते. पूर्वार्धात कॅमेरा फार दुरून, अगदी संथपणे जवळ येतो. ही संथ गती कंटाळवाणी वाटली तर समजावे की आपण अजून दिवसभराच्या धावपळीतून बाहेर आलेलो नाही. शब्द गिल्मोर आणि राइट दोघे मिळून गातात. दोघांचे आवाज इतके जवळचे आहेत की ओठांकडे पाहिल्याशिवाय ते वेगळे काढता येत नाहीत. उत्तरार्धात पक्ष्यांच्या आर्त ओरडण्यासारखा आवाज येतो, तो गिटारचा आहे. पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणाऱ्या वाह-वाह पेडलच्या केबली चुकून उलट जोडल्या गेल्या आणि हा आवाज सापडला. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला टिटवी आठवली होती, आणि आजही तेच होते.

'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' हा माझ्या मते चित्रपटाचा कळस आहे, आणि नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाणारा भागही हाच. यात शब्द नाहीत. सुरुवातीला सूर जागच्या जागी घोंघावत राहतात, मग सारे विस्कटते: राइट पियानोवर मुठी आणि कोपर आपटतात, गिल्मोर जमिनीवर बसून गिटारच्या तारांवरून नळी फिरवतात, आणि वॉटर्स झांजा व प्रचंड घंटेवर तुटून पडतात. त्या मोठ्या गोल घंटेवर उन्हात आघात करणाऱ्या वॉटर्स यांचे दृश्य या वाद्यवृंदाच्या सर्वांत प्रसिद्ध दृश्यांपैकी एक आहे. इथे घरातले कोणी तरी 'हे काय लावले' असे नक्की विचारते. त्यांना एवढेच सांगावे की थोडे थांबा. कारण त्या गदारोळातून हळूहळू एक संथ, प्रार्थनेसारखी चाल वर येते, आणि ती येण्यासाठी आधीचा गदारोळ सोसावा लागतो. हा भाग पुढे ढकलून केवळ शेवट ऐकणाऱ्याला तो शेवट मिळत नाही. मी हे करून पाहिले आहे.

'वन ऑफ दीज डेज'मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ निक मेसन यांच्यावरच आहे. याचे कारण कलात्मक नसून व्यावहारिक आहे: या गाण्याच्या इतर चित्रीकरणाची बरीचशी रिळे हरवली. त्या हानीतून ढोलवादनाचा जो सलग पाठ उरला आहे, त्याला तोड नाही. एका क्षणी मेसन यांच्या हातातून काठी निसटते आणि ते लय न मोडता दुसरी उचलतात. तो क्षण स्वतः शोधावा, म्हणून तो कोठे आहे हे सांगत नाही. या गाण्यात एकच ओळ आहे, तीही मेसन यांच्याच विकृत केलेल्या आवाजातली धमकी. आरंभीचा धडधडता बास इटलीत बनलेल्या बिन्सन एकोरेक या यंत्रातून जातो. फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज नोंदवून तो क्षणभराने परत देणारे हे यंत्र आहे. प्रतिध्वनीवर जगणारा वाद्यवृंद आणि दगडी आखाडा यांची ही भेट आहे, हे इथे जाणवते.

'केअरफुल विथ दॅट ॲक्स, यूजीन'बद्दल शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. वॉटर्स एकाच स्वराच्या दोन सप्तकांमध्ये बास फिरवत राहतात, जवळजवळ एकतारीसारखा, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मग गाण्याचे नाव कुजबुजले जाते आणि पाठोपाठ वॉटर्स यांची किंकाळी फुटते. पहिल्या वर्षी मी पुरेशी खबरदारी घेतली नव्हती. गोठ्यातले बैल दाव्याला ताण देऊन उठले आणि शेजारच्या काकू कंदील घेऊन ओट्यावर आल्या. "कोन वरडून रायलं बाप्पा?" असे त्यांनी काळजीने विचारले, आणि त्यांची काळजी रास्त होती. तेव्हापासून मी त्या दिवशी दुपारीच आजूबाजूच्या घरी सांगून येतो आणि लहान मुले जवळ असतील तर त्यांना किंकाळी येणार हे आधी सांगतो.

हे गाणे, तसेच 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन', पॉम्पेईत नव्हे, तर नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाले. ते ओळखण्याची खूण सोपी आहे: पॉम्पेईत राइट यांना दाढी आहे, पॅरिसमध्ये नाही. काही चाहत्यांना ही जोडाजोड फसवणूक वाटते. मला वाटत नाही, कारण वाजवणे दोन्हीकडे खरे आहे. 'सेट द कंट्रोल्स'च्या काही ओळी चीनमधल्या तांग काळातील कवितांवरून आल्या आहेत, आणि मेसन यात साध्या काठ्यांऐवजी टोकाला मऊ गोळे असलेल्या काठ्या वापरतात. त्यांचा आवाज दूरच्या गावातल्या ढोलासारखा येतो. पॅरिसमधलेच 'मादमोआझेल नॉब्ज' हे छोटे गाणे एका कुत्रीचे आहे: गिल्मोर माउथ ऑर्गन वाजवतात, राइट मायक्रोफोन धरतात आणि ती गळा काढते. गल्लीतली कुत्री तिला उत्तर देतात, त्यामुळे तेवढ्यापुरते दार लावून घ्यावे.

ॲबी रोडमधल्या मुलाखती इंग्रजीत, आणि तीही तोंडातल्या तोंडात बोललेली असल्यामुळे, उपशीर्षके लावून पाहाव्यात. संगीताच्या वेळी ती बंद ठेवावीत.

कोणाबरोबर, आणि पुढे

चार-पाच माणसांपेक्षा जास्त नसावीत. ज्यांना हे संगीत ठाऊक नाही अशांना बोलावण्यास हरकत नाही. आमच्याकडे दरवर्षी येणारे एक वयस्कर भजनी काका इंग्रजीचा एक शब्द न कळता 'सॉसरफुल'च्या शेवटाला डोळे मिटून बसतात. मात्र मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवावेत आणि चहा आधी किंवा नंतर असावा. मध्ये थांबवून समजावून सांगण्याचा मोह चाहत्याला फार होतो. तो आवरावा, कारण सांगण्यासारखे सारे चित्रपट संपल्यावरही सांगता येते.

चित्रपट चांगला परिचयाचा झाला की एकदा तो अंगणात किंवा खळ्यावर पाहावा. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. पांढरी चादर दोन बांबूंवर नगाऱ्याच्या कातड्यासारखी ताणावी आणि तिच्या मागे काळे कापड लावावे, म्हणजे उजेड आरपार जात नाही. पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरू करू नये. मोकळ्यावर बास हवेत विरतो, म्हणून स्पीकर घराच्या भिंतीला पाठ करून ठेवावेत. घरातल्यासारखा तपशील इथे ऐकू येणार नाही. त्याबदल्यात डोक्यावर आकाश आणि पायांखाली माती असते, आणि ज्या आखाड्यात हे वाजवले गेले तिथेही तेच होते. वारा आला की चादर हलते आणि तिच्यावरच्या रिकाम्या पायऱ्याही हलतात.

अखेरीस 'एकोज'चा उत्तरार्ध वर वर चढत जाणाऱ्या, माणसांच्या समूहगानासारख्या वाटणाऱ्या आवाजात विरतो. नामावली पूर्ण संपू द्यावी. त्यानंतर आधी ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणावा, मग ॲम्प्लिफायर बंद करावा, मग टीव्ही आणि इतर यंत्रे, आणि इन्व्हर्टर सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला तर स्पीकरमधून धप्पकन आवाज येतो. त्याने स्पीकरला इजा होऊ शकते आणि नुकतीच उतरलेली शांतताही मोडते.